पेंडीत फिरवायचं चुंबक

"थांबा. आधी फिरवू द्या मला."

घमेलं म्हशीपुढं सरकवायला गेलो की बायको हे म्हणायचीच. त्या दिवशी सकाळीही म्हणाली. पडवीत तिची खाट होती. कमरेखालचं अंग गेलेलं, पाच महिने झाले होते तिला त्या खाटेवर. मी सरकी पेंड आणि भुसा कालवून घमेलं तिच्या हाताशी नेऊन धरलं. तिनं उशाखालून चुंबक काढलं. फुटक्या रेडिओच्या भोंग्यातलं गोल चुंबक, जुन्या लुगड्याच्या काठाला बांधलेलं. ते तिनं पेंडीत सोडलं आणि हळूहळू फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी वर काढलं तर त्याला एक बारीक पिन चिकटलेली होती. पोत्याला मारतात तसली.

"बघा," म्हणाली.

"बघितलं."

"आता द्या."

मी घमेलं म्हशीपुढं ठेवलं. तिनं पिन काढून उशाकडच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. टण् वाजलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं साधं काम. दुपारी ती गेली.

तुम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीकडून येरमाळ्याला कधी गेला असाल तर तिला बघितलंही असेल. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, शेडातून धूर, आणि कढईपुढं उभी एक उंच, काळी, हाडापेरानं रुंद बाई. पदर कमरेला खोचलेला, हातात लांब दांड्याचं उलथनं. आमची खव्याची भट्टी होती. जाळ माझ्याकडं, कढई तिच्याकडं. लग्न झाल्यापासून ही वाटणी, त्यात कधी बदल नाही. मी उलथन्याला हात लावला तर ती कढई सोडून बाजूला जाऊन बसायची आणि म्हणायची, "चालू द्या तुमचं. करपला की हाक मारा."

तिचं नाव इथं लिहिणार नाही. जितेपणी घेतलं नाही, आता घेऊन काय करू.

गाडी थांबवून गिऱ्हाईक यायचं. कढईत खवा अजून ढिला असायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, द्या की लवकर, पुढं जायचंय. ती उलथनं न थांबवता म्हणायची, "घाईचा पायजे आसंल तर पुढं मिळतोय. हितं झालेला मिळतोय." गिऱ्हाईक गप उभं राहायचं. मग ती चिमूटभर खवा उचलून दोन बोटांत दाबायची, गोळी करायची, गोळीला भेग पडली की म्हणायची, "आजून न्हाय." भेग पडायची थांबली की कढई उतरायची. तिच्या बोटांना कळायचं. मला जाळ कळायचा, खवा कधीच कळला नाही.

भांडण आमचं रोजचं.

"जाळ कमी करा."

"कमीच हाय."

"मग बोलणं कमी करा. तेवढंच वारं लागायचं कमी हुईल."

आता चुंबकाचं सांगतो. आमची एक म्हैस होती, कपाळावर पांढरी टिकली असलेली. दोन वेळचं मिळून बारा लिटर दूध. एकदा ती खायची बंद झाली, कण्हायला लागली, मानेखाली सूज आली आणि आठ दिवसांत मेली. जनावराचे डॉक्टर म्हणाले, बघू या कशानं गेली. त्यांनी ती चिरली. तिच्या काळजात बोटभर लांब तार घुसलेली होती. पेंडीतनं पोटात गेलेली, पोटातनं चालत चालत काळजापर्यंत. डॉक्टरांनी ती तार पाण्यानं धुऊन माझ्या हातावर ठेवली. ही माझ्या पाठीमागनं बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरचा मेलेला रेडिओ काढला, दगडानं फोडला आणि त्यातलं चुंबक घेतलं. त्या दिवसापासून चुंबक फिरवल्याशिवाय आमच्या दावणीत दाणा पडला नाही. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. वरात दारात, आणि ही शालू नेसून गोठ्यात घमेल्यात वाकलेली. व्याही माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, बघता काय, तिचं झाल्याशिवाय म्हैसही जेवत नाही आणि मीपण नाही.

पंधरा-सोळा वर्षांमागं ती कढईपुढं उभी असतानाच खाली बसली. डोकं दोन्ही हातांनी धरलं. "डोस्क्यात घण घातला कुणी," म्हणाली आणि आडवी झाली. दुधाच्या टेम्पोत घालून सोलापूरला नेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यातली रक्ताची नळी एका जागी फुग्यासारखी फुगली होती, ती फुटली. कवटी उघडून त्या फुग्याच्या तोंडाशी चिमटा लावावा लागेल. लावला. एवढासा, गव्हाचे दोन दाणे एकापुढं एक ठेवावेत तेवढा. तो आता जन्मभर आत राहणार.

ती वाचली. डोकं भादरलेलं, डाव्या कानाच्या वर एक खळगा. घरी आल्यावर आरशात बघून म्हणाली, "आता तुमी आन म्या सारकेच दिसतो." मला तेव्हाही टक्कल होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी कागदांची जाड फाइल दिली. तिच्यातलं एक लहान कार्ड वेगळं काढून मला दाखवलं. म्हणाले, बाबा, चिमटा कुठल्या धातूचा, कुठल्या जातीचा, ते ह्याच्यावर आहे. हे जपा. पुढं कधी लागेल. मी मान हलवली. मी चौथी शिकलोय, ते कार्ड सगळं इंग्रजीत. पण ते काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं होतं. आलं नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

ती हिंडाफिरायला लागल्यावर आम्ही येरमाळ्याला येडेश्वरीला जाऊन नवस फेडला. आमच्या घरात एक चाल होती, माझ्या आईपासूनची. माणूस बरं होऊन नवस फिटला की दवाखान्याचे कागद घरात ठेवायचे नाहीत. ठेवले तर दुखणं वाट विसरत नाही, असं आई मानायची. तिनं माझ्या वडिलांचे जाळले, माझ्या भावाचे जाळले. देवीहून आल्यावर मी फाइल घेतली आणि भट्टीकडं निघालो.

ही म्हणाली, "आसू द्या की. कागद काय भाकर मागतंय व्हय?"

"आपल्यात ठेवत नाहीत."

"डॉक्टर जपा म्हणलेत."

"डॉक्टर त्यांच्या घरी. दुखणं आपल्या घरी."

मी सगळी फाइल जाळात घातली. कार्ड, फोटो, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं. डोक्याच्या फोटोच्या काळ्या फिल्मा होत्या त्यात. त्या पेटल्या आणि असला घाण धूर सुटला की त्या दिवशीच्या सगळ्या खव्याला वास धरला. भूमचा व्यापारी संध्याकाळी माल घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळा माघारी घेऊन आला. म्हणाला, आबा, ह्यात काय घातलंय, गाडीचं टायर?

ती हसून हसून कढईवर वाकली. आणि तेव्हापासून तिला एक बोलणं सापडलं. घरात काही हरवलं की, "भट्टीत बघा." माझा चष्मा कुठाय? भट्टीत बघा. अडकित्ता? भट्टीत बघा. जावई नळदुर्गहून आले, त्यांच्या एका पायातला बूट कुत्र्यानं नेला, तर त्यांनाही तेच. पाहुण्यांसमोर, भावकीसमोर, कुठंही. मला राग यायचा. मग यायचा बंद झाला. मग तर ती म्हणाली नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

मधली वर्षं तशीच बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, म्हणजे ती चांगली होती.

मागच्या वर्षी तिचे पाय जड व्हायला लागले. चालताना चप्पल पायातनं निसटायची आणि तिला कळायचं नाही. कढईपुढं उभं राहवेना. मी स्टूल आणलं, ती स्टुलावर बसून हलवायला लागली. मग पाठीत दुखायला लागलं. धाराशिवच्या डॉक्टरांनी पायाला सुई टोचून बघितली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, आणि म्हणाले, मणक्यातल्या शिरेवर काहीतरी दाब आहे. एमआरआय करा, लगेच करा.

एमआरआयच्या ठिकाणी एक चष्मेवाला माणूस होता. शांत. प्रत्येकाला तेच विचारत होता, अंगात काही धातू, कधी ऑपरेशन, डोक्यात, छातीत, कानात. हिनं सांगितलं, डोक्यात चिमटा हाय. त्यानं पेन खाली ठेवलं.

"कार्ड आहे?"

मी म्हणालो, "न्हाय."

"घरी?"

ही म्हणाली, "भट्टीत बघावं लागंल." त्याला काही कळलं नाही. मला कळलं.

त्यानं आम्हाला बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसला. म्हणाला, "आजोबा, पायात रॉड असता, गुडघ्यात वाटी बसवलेली असती, तर डॉक्टरांना विचारून बऱ्याचदा जमतं. डोक्यातल्या चिमट्याचं तसं नाही. काही चिमटे मशीनमध्ये चालतात. काही जुन्या जातीचे चालत नाहीत. ते आत खेचले जातात, फिरतात. फिरला तर ती नळी फाटते. कुठला आहे ते कागदाशिवाय मला कळणार नाही. अंदाजावर मी नेणार नाही."

"पायांचं काय मग तिच्या?"

"म्हणून तर म्हणतो, कागद शोधा."

मी त्याला लई बोललो. तिथं बसलेल्या सगळ्यांसमोर. पगार कशाचा घेतोस म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. आज वाटतं, उलटून बोलला असता मला काहीतरी तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी गोठ्यातलं चुंबक आणलं आणि तिच्या डोक्याला लावलं, त्या खळग्यापाशी. ती खाली बसलेली, मी उभा.

"वढतंय का?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"आता तुमच्या डोस्क्याला लावा."

"कशाला?"

"तितं बी काय हाय का बघू."

मी चुंबक घेऊन दुसऱ्या दिवशी एकटाच धाराशिवला गेलो. त्या माणसाला सांगितलं, लावून बघितलं, ओढत नाही. तो हसला नाही. म्हणाला, "आजोबा, तुमचं चुंबक खिळा उचलतं. आतलं चुंबक लोखंडी खाट ओढून घेतं. घरच्या चुंबकावरून काही ठरत नाही. कागदावरून ठरतं."

मग कागदाच्या मागं फिरलो. लेक नळदुर्गहून आली, आम्ही दोघं सोलापूरला गेलो. तो दवाखाना आता दवाखाना राहिला नव्हता. तिथं लग्नाचं कार्यालय झालेलं. मांडव घातलेला, केळीचे खुंट बांधलेले, आणि मी दारातल्या वाढप्याला विचारतोय की हितले ऑपरेशनचे कागद कुठं आहेत. समोरच्या औषधाच्या दुकानदारानं सांगितलं, ऑपरेशन करणारे डॉक्टर वारले. जुनी कागदं रद्दीत गेली असतील, एवढी वर्षं कोण ठेवतंय. लेक रस्त्यात उभी राहून रडायला लागली. म्हणाली, "आबा, तुमी का वो जाळलं ते?" मी म्हणालो, चल, एसटी जाईल.

पंधरा दिवस असेच गेले. तिचे पाय रोज थोडे थोडे जात होते. मला बसवत नव्हतं. जाळाला बसलो तरी उठायचो, रस्त्यापर्यंत जायचो, माघारी यायचो. मग मी ठरवलं. लातूरला न्यायची, दुसऱ्या जागी, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. तिला सांगितलं, तिथं चिमट्याचं बोलायचं नाही.

"आन इचारलं तर?"

"मी सांगतो. तू गप बसायचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "बरं," म्हणाली.

लातूरला टेबलावरच्या माणसानं कागद पुढं घेऊन एकेक विचारलं. हृदयात मशीन? नाही. प्लेट, रॉड, स्क्रू? नाही. कानाचं ऑपरेशन? नाही. डोक्याचं ऑपरेशन? मी म्हणालो, नाही. खाली सही केली. माझी सही मोडकी आहे, पण तेव्हा एका दमात झाली.

तिचं मंगळसूत्र, बुगड्या, जोडवी काढायला लावली. जोडवी निघेनात. साबण लावून काढली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या पायाची बोटं उघडी बघितली, जोडव्याच्या जागी पांढरे वळ होते. सगळं माझ्या रुमालात बांधलं. मग मशीनवरची बाई चाकाची खुर्ची घेऊन आली. ती खुर्चीही वेगळीच, तिच्यात लोखंड नसतं म्हणाली. बाई बोलायला चांगली होती. दारापाशी हिनं तिला विचारलं, "ताई, आत काय आसतंय ग?"

"काही नाही मावशी. दुखत नाही. मोठं चुंबक असतं, आवाज लई येतो, घाबरायचं नाही."

"चुंबक?"

"व्हय."

"कवा चालू करता ते?"

"ते बंद नसतंच मावशी. कायम चालू."

मी मागं उभा होतो. हिनं दाराची चौकट धरली. खुर्ची थांबली.

"मग मला माघारी घे," ती म्हणाली. "माज्या डोस्क्यात चिमटा हाय. कशाचा हाय ते आमाला ठाव न्हाय. कागद जळालाय."

एवढंच म्हणाली. ह्यांनी जाळला म्हणाली नाही. जळालाय म्हणाली.

बाईनं खुर्ची मागं ओढली, दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा रंग उतरला होता. मला म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात. सही केलीत."

"व्हय. केली."

"ह्या आत टेबलावरच गेल्या असत्या कदाचित. आणि मी काचेतनं बघत बसले असते."

मी तिच्या हातातनं खुर्ची घेतली.

येताना जीप केली होती. मुरूड मागं पडलं. मग मीच बोललो.

"तोंड बंद ठेव म्हणालो होतो तुला."

"ठिवलं आसतं. पर ती चुंबक म्हणली."

"सगळेच चिमटे वाईट नसतात. तो धाराशिवचा सांगत होता."

"समद्याच पेंडीत बी खिळा नसतोय. तरी म्या रोज फिरवती का न्हाय?"

"पाय जातील तुझे."

"पाय गेले तर बसून हलवीन कढई. डोस्कं गेल्यावर काय हलवू?" मग म्हणाली, "तुमाला काय, तुमी दुसरी आणचाल. तिला खवा येत नसंल तर पंचाईत." जीपवाला हसला. मी हसलो नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. चिमट्याची बाजू माझ्याकडं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "माजं सामान द्या की. का मोडून खाल्लं?" मी रुमाल सोडला. जोडवी मी घातली तिच्या बोटांत. तिला कळत नव्हतं घातली की नाही ते, म्हणून ती वाकून बघत होती.

शेवटी सोलापुरात एका डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. पाठीत औषध टोचून, चुंबक नसलेल्या मशीनमध्ये फोटो काढला. मणक्यात गाठ निघाली. साधी गाठ, कॅन्सरची नाही. त्यांनी काढलीही. पण पहिल्यांदा धाराशिवहून माघारी आलो तेव्हापासून तोवर सव्वा महिना गेला होता. शीर तेवढे दिवस दाबलेली राहिली होती. पाय माघारी आले नाहीत.

मी त्या डॉक्टरांना विचारलं, "सव्वा महिना आधी कळलं असतं तर चालली असती का?"

"तसं सांगता येत नाही, बाबा."

"सांगू नका. नुसती मान हलवा. व्हय किंवा न्हाय."

त्यांनी मानही हलवली नाही. खांद्यावर हात ठेवून पुढच्या खाटेकडं गेले. पुढं तीनदा गेलो त्यांच्याकडं, तेच विचारायला. तिसऱ्या वेळी त्यांच्या माणसानं मला बाहेरच बसवलं.

खाटेवर पडून तिनं काही कुरकुर केली नाही असं मी म्हणणार नाही. लई केली. चहा गार, उशी उंच, भट्टीचा धूर पडवीत येतोय, जाळ कमी करा. भट्टी मी एकटाच चालवत होतो. कढई पडवीतनं दिसायची तिला. तिथनं ओरडायची, "हलवा, हलवा, बसला खाली." मी चिमूटभर खवा तिच्याकडं न्यायचो, ती बोटांत दाबायची. "आजून न्हाय." मी परत जायचो. एका कढईला सात-आठ फेऱ्या. व्यापारी म्हणायचा, आबा, माल पहिल्यासारखाच आहे. मी म्हणायचो, असणारच.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसलो. एक दिवस मी चष्मा शोधत होतो. माळा बघितला, खिडकी बघितली, दुधाच्या कॅनामागं बघितलं. ती खाटेवरनं बघत होती. मी विचारलं, "माझा चष्मा बघितला का?"

"खुंटीला हाय," ती म्हणाली.

मी खुंटीचा चष्मा काढला आणि तसाच उभा राहिलो. तिनं तोंड भिंतीकडं केलं. धाराशिवच्या त्या बाकानंतर तिनं ते बोलणं कधी तोंडात आणलं नव्हतं, ते मला त्या दिवशी ध्यानात आलं. मग मी मुद्दाम वस्तू विचारायला लागलो. अडकित्ता कुठाय, विळी कुठाय, माझी टोपी. ती जागा सांगायची. बरोबर जागा सांगायची. शिवी दिली असती तर मी ती घेतली असती.

पडून पडून पाठीला जखमा झाल्या, मग ताप यायला लागला. त्या सकाळी तापही नव्हता. घमेल्यात चुंबक फिरवलं, पिन काढली, भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून खाल्ला. दुपारी मी पाणी द्यायला गेलो तर श्वास नव्हता. डोळे गोठ्याकडं होते.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत नेली. मुलगा नाही, अग्नी मीच दिला. भावकी म्हणाली, परवा सकाळी सावडायला जमू. आमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात.

मी दुसऱ्या दिवशीच गेलो. दिसायला लागल्याबरोबर. लेक झोपली होती. भट्टीतली राख ओढायचा लोखंडी आकडा घेतला, पिठाची चाळणी घेतली, पाण्याची बादली घेतली. चुंबक खिशात होतं.

राख वरनं पांढरी आणि आत लाल होती. जन्म राख ओढण्यात गेलाय माझा, कुठं हात घालायचा ते कळतं. डोकं कुठल्या बाजूला होतं ते मला माहीत होतं. मी कडेनं ओढत आणली, पाणी शिंपडलं, थोडी थोडी चाळणीत घेतली. भावकीतला एकजण रानात निघालेला, तो रस्त्यावर थांबला.

"आबा, सावडायचं उद्या हाय."

"ठाव हाय."

"मग काय करायला?"

"वस्तू राहिलीय तिची."

"काय, मणी?"

"न्हाय. जा तू."

तो गेला नाही. बादलीतलं पाणी संपलं तेव्हा नळावरनं भरून आणून ठेवलं आणि मग गेला.

आठव्या का नवव्या चाळणीत चिमटा निघाला. काळा पडलेला, पण आकार तसाच. दोन पातळ पाती, मागं वळसा. एवढी आग होऊनही त्यानं तोंड उघडलं नव्हतं. मी तो पाण्यात धुतला. एका सपाट दगडावर ठेवला. खिशातनं चुंबक काढलं, लुगड्याच्या काठाला धरून वरनं खाली सोडलं. चिमटा हलला नाही. अजून जवळ नेलं. हलला नाही. टेकवलं आणि उचललं. चुंबक रिकामं वर आलं. एकदा, दोनदा, तीनदा.

घरच्या चुंबकावरून काही ठरत नाही. कागदावरून ठरतं. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता.

चिमटा रुमालात बांधला, जोडवी बांधली होती त्याच रुमालात. राख परत सारखी केली, उद्याच्या माणसांसाठी. आणि घरी आलो.

म्हैस ओरडत होती. लेक उठली होती. तिनं पेंड कालवून घमेलं उचललं होतं आणि गोठ्यात निघाली होती.

"थांब," मी म्हणालो. "आधी फिरवू दे मला."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत राख होती. तिनं घमेलं माझ्यापुढं धरलं. मी चुंबक पेंडीत सोडलं. हळू फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. वर काढलं. काही नव्हतं.

"झालं की आबा," लेक म्हणाली.

मी परत खाली सोडलं. म्हशीनं दावं ताणलं.